रंग बघून ड्रॅगन ओळखायचा का? अलाइनमेंटच्या वादाची पार्श्वभूमी

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून भूमिका घेत खेळायच्या खेळाच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत लाल ड्रॅगनच्या नोंदीत अलाइनमेंटसमोर, म्हणजे प्राण्याचा नैतिक कल जिथे लिहितात तिथे, ‘नेहमी केऑटिक ईव्हिल’ (बेबंद आणि दुष्ट) असं छापलं होतं. २०२१ साली रत्न-ड्रॅगन पाचव्या आवृत्तीत आले, तेव्हा त्यांच्या नोंदींत त्याच जागी ‘सहसा’ हा शब्द होता. आज टेबलावर जो वाद होतो तो ‘नेहमी’ आणि ‘सहसा’ यांच्यातला आहे: रंग दिसला की स्वभाव कळला, असं खेळाडूंनी धरून चालावं का?

सुरुवातीला हा प्रश्न पडण्याचं कारणच नव्हतं. १९७४ च्या पहिल्या पुस्तिकांत सहा ड्रॅगन होते: पांढरा, काळा, हिरवा, निळा, लाल आणि सोनेरी. ड्रॅगन झोपलेला आहे की जागा, त्याला बोलता येतं की नाही, हे टक्केवारीवर फासे टाकून ठरायचं. त्याला ठार न मारता नमवायचं आणि नंतर विकायचं, असाही नियम होता. १९७५ च्या पुरवणीत पितळी, तांब्याचा, काशाचा आणि चांदीचा असे ड्रॅगन आले, सोबत एक राजा आणि पाच डोक्यांची एक राणी. रंगांचं एक घराणं आणि धातूंचं दुसरं, अशी फाळणी तिथून पक्की झाली.

खरा गुंता ‘लॉफुल’ या शब्दाचा आहे, आणि तो नीट उलगडल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. १९७४ मध्ये अलाइनमेंट तीनच होत्या: लॉ (नियम), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (बेबंदपणा). चांगलं-वाईट ही जोडी त्यांत नव्हती. सोनेरी ड्रॅगन तेवढा लॉफुल, त्यामुळे ‘लॉफुल म्हणजे सज्जन’ असं लोकांच्या डोक्यात बसलं. १९७६ च्या एका लेखात चांगल्या-वाईटाची दुसरी फूटपट्टी आली आणि १९७७ च्या राक्षसांच्या पुस्तकापर्यंत तिनाच्या नऊ अलाइनमेंट झाल्या. त्या पुस्तकात निळा आणि हिरवा ड्रॅगन लॉफुल ईव्हिल (दुष्ट, पण नियम पाळणारे) ठरले, तर लाल, काळा आणि पांढरा केऑटिक ईव्हिल. पण त्याच प्रकाशकाच्या सोप्या, नवख्यांसाठीच्या खेळात १९८१ सालीही तीनच अलाइनमेंट होत्या. त्या नियमपुस्तकात निळा आणि पांढरा चक्क न्यूट्रल आहेत. एकाच वर्षी दोन टेबलांवर निळा ड्रॅगन दोन वेगवेगळे प्राणी होता. जुने खेळाडू निळ्याच्या स्वभावावरून भांडतात तेव्हा बऱ्याचदा दोघांचंही बरोबर असतं, पुस्तकं तेवढी वेगळी.

लॉफुल ईव्हिल ड्रॅगनमुळे खेळात काय येतं, हे मी एका उदाहरणाने सांगतो, कारण माझ्या मते या खेळातली ही सर्वात सुंदर कल्पना आहे. निळ्या ड्रॅगनने शब्द दिला की वाळवंटातून जाणाऱ्या तांड्याला तो नख लावणार नाही. तो शब्द पाळतो. तांडा पुढे सरकतो, आणि तिसऱ्या दिवशी एकाही पखालीत पाणी उरलेलं नसतं. पाणी नाहीसं करण्याची शक्ती तिसऱ्या आवृत्तीत निळ्या ड्रॅगनकडे नियमानेच होती, आणि करारात पाण्याचं नाव कुणी काढलेलं नसतं. लाल ड्रॅगन हे करणार नाही. तो त्याच रात्री तांडा जाळेल. दोघेही दुष्टच, पण एकाशी बोलणी करता येतात, दुसऱ्यापासून पळावं लागतं. हा फरक रंगातून आधीच कळतो म्हणून खेळाडूंना डावपेच आखता येतात.

म्हणूनच २००८ च्या चौथ्या आवृत्तीतला निर्णय जुन्या खेळाडूंना इतका झोंबला. नऊच्या पाच अलाइनमेंट केल्या गेल्या आणि लॉफुल ईव्हिल हा कप्पाच गेला. धातूच्या ड्रॅगनवरचा ‘चांगला’ हा शिक्काही निघाला. बाजू मांडणारे म्हणत की आता खेळाडूंना चांदीच्या ड्रॅगनशीही लढता येईल. हे खरं आहे, पण त्यासाठी निळ्याचं वैशिष्ट्य पुसण्याची गरज नव्हती. रंग आणि स्वभाव यांची गाठ सोडायचीच तर ती २००४ च्या एबेरॉन या खेळातल्याच एका काल्पनिक जगात आधीच सुटली होती. तिथे कोणत्याही रंगाचा ड्रॅगन कसाही असू शकतो, आणि बाकीच्या जगांतले नियम त्यासाठी बदलावे लागले नाहीत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नऊच्या नऊ अलाइनमेंट परत आल्या. नोंदीतली अलाइनमेंट ही फक्त सुरुवातीची धरायची, डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) हवी तर बदलावी, अशी सूटही तिथे छापलेली आहे. २०२१ चं ‘सहसा’ त्या सुटीतूनच आलं.

अलाइनमेंटवर एवढी शाई सांडली, पण लढाईतली ड्रॅगनची वागणूक तिच्याइतकीच, किंबहुना जास्त, श्वासाच्या (तोंडातून आग वगैरे फुंकण्याच्या) नियमाने घडवली. १९८१ च्या नियमात श्वासाचं नुकसान म्हणजे ड्रॅगनचे त्या क्षणी उरलेले हिट पॉइंट (जीव किती शिल्लक आहे त्याचे गुण). जखमी झाला की फुंकरही दुबळी. म्हणून पहिला हल्ला नेहमी श्वासाचा, आणि दिवसात तीनदाच. पाचव्या आवृत्तीत ड्रॅगनची पाळी आली की डीएम सहा बाजूंचा फासा टाकतो आणि ५ किंवा ६ पडला तर श्वास परत मिळतो. २०१४ च्या नोंदीत प्रौढ लाल ड्रॅगनच्या श्वासाचं नुकसान १८ फाशांचं होतं, म्हणजे सरासरी ६३. तो एक फासा पडेपर्यंत टेबलावर कुणी बोलत नाही, आणि जखमी ड्रॅगनही शेवटपर्यंत तितकाच भयंकर राहतो. एकटा ड्रॅगन पाच जणांपुढे फार लवकर मरायचा, ही जुनी तक्रार याच आवृत्तीत लेजंडरी ॲक्शनने बरीचशी मिटवली: २०१४ च्या नियमात इतरांच्या पाळीनंतर त्याला शेपूट मारता यायची, पंख फडफडवून लोकांना आडवं पाडून उडता यायचं. २०२५ च्या नव्या राक्षस-पुस्तकात गुहेच्या वेगळ्या हालचाली गेल्या आणि स्वतःच्या गुहेत ड्रॅगनला एक लेजंडरी ॲक्शन जास्त मिळाली. गुहा स्वतःच लढायची, ते मला जास्त आवडत होतं.

दरम्यान दुसऱ्या एका खेळाने रंगांचा नाद पूर्णच सोडला. २०२३ च्या जानेवारीत डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे नियम इतरांना वापरू देणाऱ्या खुल्या परवान्यावरून मोठा गदारोळ झाला आणि पाथफाइंडरने आपली पुस्तकं नव्याने लिहायला घेतली. रंगांचे आणि धातूंचे ड्रॅगन मूळ खेळाचे मानले जातात, म्हणून ते वगळले. २०२४ च्या त्यांच्या राक्षस-पुस्तकात ड्रॅगन जादूच्या चार परंपरांनुसार विभागले आहेत. त्यांत एकाचं नाव डायबॉलिक आहे आणि दुसऱ्याचं कॉन्स्पिरेटर. रंग गेला, पण कॉन्स्पिरेटर ड्रॅगन गुपचूप कट रचत असणार हे खेळाडूला त्याचं नाव ऐकताच कळतं.