खालिद जमीलच्या विजयांमागची मुंबई

१ ऑगस्ट २०२५ ला खालिद जमीलचं नाव भारताच्या फुटबॉल टीमचा कोच म्हणून जाहीर झालं आणि लगेच "हा कोण बुवा?" सुरू झालं. शर्यतीत स्टीफन कॉन्स्टन्टाईन होता, स्टेफान तारकोविच होता, आणि निवड झाली कोणाची तर मुंबईत खेळलेल्या आणि मुंबईतच कोचिंग शिकलेल्या माणसाची. याआधीचा भारतीय कोच म्हणजे २०११-१२ मधला सावियो मेदेरा, त्याच्या आधी आर्मांडो कोलासो, दोघंही गोव्याचे. मधली सगळी वर्षं परदेशी कोच. बऱ्याच जणांना खालिदभाईचं फक्त आयझॉल, म्हणजे मिझोरामच्या त्या क्लबला त्याने २०१७ मध्ये जिंकून दिलेली लीग, माहिती आहे म्हणून जरा मागपासून सांगतो, कारण आयझॉलची गोष्ट आयझॉलला सुरू होतच नाही, ती मुंबईतल्या कूपरेजच्या फुटबॉल ग्राउंडवर सुरू होते.

जन्म कुवेतचा, १९७७ चा. मिडफिल्डर. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया अशा मुंबईच्या टीमकडून खेळला, इंडियाकडूनही खेळला, पण दुखापतींनी पिच्छा सोडला नाही. २००७ मध्ये मुंबई एफसी निघाली तिथे प्लेअर म्हणून आला आणि २००९ मध्ये, म्हणजे वयाच्या बत्तिशीच्या आसपास, त्याच टीमचा कोच झाला. पैसा कमी, नावाजलेले प्लेअर नाहीत, घरचं ग्राउंड म्हणावं तर काही काळ मॅचेस पुण्याला बालेवाडीत. पण सात सीझन हा माणूस तिथे टिकला आणि एकदाही टीम खालच्या लीगमध्ये जाऊ दिली नाही. बघायला मजा यायची असं मी अजिबात म्हणणार नाही, 0-0 आणि 1-1 चा रतीब असायचा, मागे सगळे आणि पुढे एखादा, पण समोरच्या मोठ्या टीमला आपल्याविरुद्ध गोल मारताना घाम फुटला पाहिजे हे त्याने तिथेच घोटून घेतलं. माझ्या मते पुढचं सगळं यातूनच आलंय.

२०१६ मध्ये त्याची तिथून सुट्टी झाली. आता योगायोग बघा. त्याच २०१५-१६ च्या आय-लीगमध्ये (तेव्हाची देशातली टॉप लीग) आयझॉल एफसी नऊ टीममध्ये आठवी आली होती. नववी होती आपली पुण्याची डीएसके शिवाजीयन्स, पण तिला रेलिगेशनमधून, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्यातून, सूट होती त्यामुळे खाली गेली आयझॉल. मग साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो या गोव्याच्या क्लबांनी लीगवर नाराज होऊन अंग काढून घेतलं, जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला परत घेतलं. म्हणजे जी टीम लीगमध्ये असायलाच नको होती तिच्याकडे असा कोच गेला ज्याला नुकताच नारळ मिळाला होता. जाताना मुंबई एफसीतले जयेश राणे आणि आशुतोष मेहता पण तिकडे पोचले, गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स, मधे सीरियाचा अल-अम्ना आणि लायबेरियाचा जार्यान, बाकी मिझोरामची पोरं. राणे आडनावाचा मुलगा आयझॉलच्या डोंगरात लीग खेळतोय हे तेव्हा आपल्याकडे किती जणांना माहीत होतं देव जाणे.

२२ एप्रिल २०१७, आयझॉल, समोर मोहन बागान. दोघांचेही ३३ पॉइंट आणि शेवटून दुसरी मॅच, म्हणजे जवळपास फायनलच. डोंगराच्या कुशीतलं स्टेडियम खच्चून भरलेलं. ऐंशी मिनिटं झाली तरी 0-0, आणि ८३ व्या मिनिटाला कॉर्नरवर डिफेंडर झोमिंगलियाना राल्टे वर उडाला आणि हेडर आत. 1-0, संपलं. टिपिकल खालिद मॅच होती ती, ऐंशी मिनिटं दार बंद ठेवायचं आणि एक सेट पीस (कॉर्नर, फ्री किक वगैरे) मिळाला की काम उरकायचं, फक्त मुंबईत जो एक पॉइंट मिळायचा त्याचे इथे तीन झाले.

तरी टायटल हातात नव्हतं. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजोंगविरुद्ध एक पॉइंट हवा होता आणि नवव्या मिनिटालाच त्यांच्या डिकाने गोल मारून सगळ्यांच्या पोटात गोळा आणला. तिकडे बागानने आपली मॅच जिंकली. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी केली, 1-1, आयझॉल ३७ आणि बागान ३६. ईशान्येतल्या क्लबने देशाची टॉप लीग पहिल्यांदा जिंकली. आणि त्याच सीझनला टेबलच्या तळाशी कोण होतं? मुंबई एफसी. खालिद गेल्यावर पहिल्याच वर्षी टीम खाली गेली, यावर मी वेगळं काय बोलू.

पुढे कोलकात्यात ईस्ट बेंगाल आणि बागान दोन्ही केलं पण तिथे तशी जादू झाली नाही, ते सोडून देऊ. जानेवारी २०२१ मध्ये आयएसएलमधल्या (इंडियन सुपर लीग) नॉर्थईस्ट युनायटेडने कोच काढला आणि अर्ध्या सीझनमध्ये टीम याच्या हातात दिली. कोविडमुळे सगळी आयएसएल गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये चालू होती. खालिद आल्यावर लीगमध्ये टीम एकही मॅच हरली नाही, एटीके मोहन बागानला पण हरवलं, तिसरी आली आणि प्लेऑफला गेली. भारतीय कोचने आयएसएल टीम प्लेऑफला नेण्याची ती पहिली वेळ. पुढच्या सीझनला हीच टीम तळाजवळ लोळत होती हेही सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल भक्त आहे.

मग जमशेदपूर एफसीचा कोच असताना २०२५ च्या आयएसएल प्लेऑफमध्ये नॉर्थईस्टलाच 2-0 हरवून सेमीला, तिथे दोन मॅचमधल्या पहिल्या लेगमध्ये बागानवर 2-1. दुसऱ्या लेगमध्ये 2-0 मार खाऊन बाहेर, तेही शेवटच्या मिनिटांत.

मग इंडिया. ऑगस्टमध्ये काफा नेशन्स कप (मध्य आशियाई देशांची स्पर्धा), जेमतेम दोन आठवड्यांचा कॅम्प, मोहन बागानने प्लेअर सोडलेच नाहीत, छेत्री नाही. पहिल्याच मॅचला यजमान ताजिकिस्तानला 2-1, अन्वर आणि झिंगन, दोन्ही गोल डिफेंडरांचे (बघा, परत तेच), वर गोलकीपर गुरप्रीतने पेनल्टी अडवली. इराणकडून 3-0 हार, अफगाणिस्तानशी 0-0. आणि ८ सप्टेंबरला तिसऱ्या नंबरसाठी ओमान, जे रँकिंगमध्ये पन्नासहून जास्त जागा वर आणि ज्यांना आपण आधी कधी हरवलंच नव्हतं. ओमानचा गोल आधी, मग ऐंशीच्या सुमाराला उदांताने फेडला, पेनल्टी शूटआउटमध्ये आपण 3-2, शेवटची किक गुरप्रीतने अडवली. रेकॉर्डमध्ये तो ड्रॉच लिहितात म्हणा, पण ती किक अडल्यावर मी खुर्चीवरून उठलो होतो एवढं खरं.

महिनाभराने, १४ ऑक्टोबरला मडगावला एशियन कपच्या क्वालिफायरमध्ये सिंगापूरकडून 2-1 हरलो आणि एशियन कपचा रस्ता बंद झाला. पहिला गोल आपलाच होता, छांगटेचा, चौदाव्या मिनिटाला. उरलेली मॅच दार बंद ठेवायचं होतं, आणि त्या दिवशी तेवढंच जमलं नाही.