एका कार्बनमागे दोन हायड्रोजन

पाठ्यपुस्तकात कार्बनी संयुगांचा विषय ठरलेल्या क्रमाने येतो. कार्बनची संयुजा (तो किती बंध करू शकतो ते) चार, मग मिथेन, इथेन, प्रोपेनची रांग, मग दुहेरी बंध, मग कच्च्या तेलाचं प्रभाजी ऊर्ध्वपातन आणि शेवटच्या दोन पानांवर बहुवारिकं, म्हणजे पॉलिमर. शिकवायला हा क्रम सोयीचा आहे, पण गोष्टी या क्रमाने घडल्या नाहीत. बेंझीन बाटलीत आलं तेव्हा संयुजेची कल्पना कुणाच्या डोक्यातही नव्हती. तेलाची पहिली गाजलेली विहीर खोदली गेली तेव्हा कार्बनच्या साखळीची कल्पना जेमतेम वर्षाची होती. आणि ‘पॉलिमर’ हा शब्द तर १८३३चा, म्हणजे पॉलिथीनहून बरोबर शंभर वर्षांनी मोठा. हा शब्द ज्या कोड्यापायी जन्माला आला त्याचा माग काढत गेलं, की प्रकरणातले सुटे वाटणारे भाग एका दोऱ्यात येतात. कोडं असं: दोन पदार्थांत कार्बन आणि हायड्रोजन अगदी त्याच प्रमाणात असतील, तर ते दोन वेगळे पदार्थ कसे?

१८२५चं लंडन. दिव्यांसाठी गॅस वापरायचे ते दिवस होते. एक कंपनी देवमाशाचं वगैरे तेल तापलेल्या भट्टीत सोडून त्याचा गॅस करायची आणि सुमारे ३० वातावरणांच्या (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तीसपट) दाबाखाली नळकांड्यांत भरून गिऱ्हाइकांना पोचवायची. एवढ्या दाबाखाली नळकांड्याच्या तळाशी एक पातळ, तेलकट द्रव साठे. तो मायकेल फॅरेडेच्या हाती आला. त्याने तो पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित केला, उकळण्याच्या तापमानानुसार एकेक भाग वेगळा ठेवला. ८० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळणारा भाग बर्फात ठेवला तेव्हा त्यात स्फटिक जमले. न गोठलेला द्रव दाबून, टिपून काढला, स्फटिक वितळवले, पुन्हा गोठवले. असं करत करत शेवटी जे शुद्ध उरलं ते आपण आज बेंझीन म्हणतो. त्याने मात्र त्याला हायड्रोजनचं ‘दुहेरी कार्बाइड’ म्हटलं, कारण त्याच्या हिशेबात कार्बन आणि हायड्रोजनचं प्रमाण दोनास एक येत होतं. मोजमाप चोख होतं. कार्बनचा अणुभार तेव्हा १२ ऐवजी ६ धरत, म्हणून कार्बनचे अणू दुप्पट दिसले.

बेंझीनमुळे या प्रयोगाचं नाव झालं. माझ्या मते त्याच द्रवातून निघालेली दुसरी वस्तू जास्त मोलाची आहे. द्रवाचा सर्वांत हलका भाग जरा ऊब लागली की वायू होऊन निघून जाई. फॅरेडेने तो पकडून त्याचं पृथक्करण केलं. कार्बन-हायड्रोजनचं प्रमाण अगदी ‘ओलेफियंट’ वायूसारखं आलं. ओलेफियंट म्हणजे तेल घडवणारा. क्लोरीनशी संयोग झाला की त्यापासून तेलकट द्रव बनतो, हे चार डच रसायनशास्त्रज्ञांनी १७९५ मध्ये दाखवलं होतं, त्यावरून हे नाव पडलं. आपलं इथिलीन ते हेच, आणि ‘ओलेफिन’ हा कुळाचा शब्दही त्यातूनच आला. पण फॅरेडेचा नवा वायू तेवढ्याच आकारमानाला इथिलीनच्या जवळपास दुप्पट भरत होता. आजच्या भाषेत तो चार कार्बनचा ब्यूटीन होता. एका कार्बनमागे दोन हायड्रोजन, दोन्हीकडे. तरी पदार्थ दोन.

पदार्थ म्हणजे त्याचे घटक आणि त्यांचं प्रमाण, एवढीच ओळख पुरेशी आहे असं तोवर रसायनशास्त्र धरून चाललं होतं. त्याला याच सुमारास दुसऱ्या बाजूनेही धक्का बसला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने स्फोटक सिल्व्हर फुल्मिनेट तपासलं, त्याचाच देशबांधव वोलरने निरुपद्रवी सिल्व्हर सायनेट, आणि दोघांचे आकडे एकच आले. लीबिगला आधी वाटलं की वोलरचंच काहीतरी चुकलंय. मग १८२८ मध्ये वोलरला अमोनियम सायनेट करता करता युरिया मिळाला. ही गोष्ट सहसा अशी सांगितली जाते की, सजीवांतले पदार्थ ‘जीवशक्ती’शिवाय घडत नाहीत या समजुतीचा वोलरने एका फटक्यात निकाल लावला. मला ही मांडणी पटत नाही. ती समजूत पुढेही बरीच वर्षं तग धरून होती, आणि तिचा ठसा ‘सेंद्रिय’ या आपल्या शब्दात अजून आहेच: स-इंद्रिय, म्हणजे इंद्रियं असलेल्या सजीवांशी निगडित. वोलरच्या समकालीनांना युरियात तितकंच विलक्षण वाटलं ते हे, की युरिया आणि अमोनियम सायनेट यांचेही घटक आणि प्रमाण तंतोतंत सारखं आहे.

स्वीडनच्या बर्झेलियसने १८३०च्या सुमारास अशा जोड्यांना नाव दिलं, ‘आयसोमर’. आपण समघटक म्हणतो. पण फॅरेडेची जोडी या नावात बसेना, कारण तिथे प्रमाण सारखं होतं आणि भार वेगळा. त्यासाठी १८३३ मध्ये त्याने वेगळा शब्द घडवला: ‘पॉलिमर’, अनेक भागांचा. बर्झेलियसच्या लेखी ब्यूटीन हा इथिलीनचा पॉलिमर होता. हजारो कड्यांची साखळी वगैरे त्याच्या मनात नव्हतं. ते असणं शक्यही नव्हतं, कारण दोन कड्या एकमेकींना धरून कशा राहतात हेच ठाऊक नव्हतं.

ते कळायला आणखी पंचवीस वर्षं गेली. १८५८ मध्ये जर्मनीत केकुलेने आणि पॅरिसमध्ये काम करणाऱ्या आर्चिबाल्ड कूपर या तरुण स्कॉट रसायनशास्त्रज्ञाने, एकमेकांना न कळता, एकच गोष्ट मांडली: कार्बन चार हातांचा आहे आणि तो दुसऱ्या कार्बनचा हात धरू शकतो. कूपरने तर अणूंच्या मध्ये रेघा काढल्या, आज वहीत काढतो तशा. त्याचा लेख सादर व्हायला उशीर झाला, केकुलेचा काही आठवडे आधी छापून आला, आणि श्रेय बहुतेक सगळं केकुलेला गेलं. १८६० मध्ये कार्ल्सरूहच्या परिषदेत कॅनिझारोच्या पुस्तिकेने अणुभारांचा घोळ मिटवायला सुरुवात केली, ६ आणि १२चा वाद मागे पडला. १८६५ मध्ये हॉफमनने लंडनच्या व्याख्यानात क्रोके खेळातले रंगीत चेंडू कांड्यांनी जोडून रेणू उभे करून दाखवले. काळा कार्बन, पांढरा हायड्रोजन, लाल ऑक्सिजन. प्रयोगशाळेतल्या मॉडेलच्या पेटीत रंग अजून तेच आहेत. मिथेन, इथेन, प्रोपेन ही नावांची रांगसुद्धा हॉफमननेच पुढच्या वर्षी सुचवली.

साखळी डोळ्यांसमोर आली की प्रमाणाचं कोडं निम्मं सुटतं. सरळ संपृक्त (सगळे बंध एकेरी असलेल्या) साखळीत प्रत्येक कार्बनला दोन हायड्रोजन, आणि दोन टोकांना एकेक जास्तीचा. म्हणून दहा कार्बनच्या डेकेनमध्ये बावीस हायड्रोजन. टोकांचे दोन जास्तीचे नसतील तर रेणूत कुठेतरी दुहेरी बंध तरी असतो, नाहीतर साखळीची टोकं जुळून वलय तरी झालेलं असतं.

याच काळात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या झऱ्यांवर तरंगणाऱ्या तेलाचं काय करावं हा प्रश्न व्यापाऱ्यांना पडला होता. १८५५ मध्ये बेंजामिन सिलिमन (धाकटा) याने त्याचं ऊर्ध्वपातन करून अहवाल दिला की यातून उत्तम दिव्याचं तेल निघेल. २७ ऑगस्ट १८५९ रोजी टायटसव्हिल इथे एडविन ड्रेकच्या विहिरीत सुमारे २१ मीटरवर तेल लागलं. सिलिमनने केलं ते मुळात फॅरेडेनेच केलं होतं: मिश्रण तापवायचं आणि उकळण्याच्या तापमानानुसार भाग वेगळे करायचे. साखळी लांब तशी रेणूंमधली ओढ जास्त, आणि उत्कलनबिंदू वर. कारखान्याच्या मनोऱ्यात यापेक्षा वेगळं तत्त्व नाही. त्या काळी हवं होतं फक्त रॉकेल. त्याहून हलका भाग, म्हणजे आपलं पेट्रोल, ही भडका उडवणारी अडचण होती आणि बऱ्याचदा तो फेकून दिला जाई.

मोटारी आल्या आणि मागणी उलटी झाली. तेलात जेवढं पेट्रोल निसर्गतः आहे तेवढं पुरेना. मग लांब साखळ्या तोडायची युक्ती आली, तिला भंजन म्हणतात. रशियात शुखोवने १८९१ मध्येच यासाठी पेटंट घेतलं होतं. मोठ्या प्रमाणावर ती चालवली अमेरिकेत विल्यम बर्टनने, उष्णता आणि दाब वापरून. त्याचं पेटंट १९१३चं. पुढे १९३०च्या दशकात उद्रीने उत्प्रेरक आणला. इथे हायड्रोजनचा हिशेब पुन्हा करून पाहण्यासारखा आहे. डेकेन तोडलं. एका तुकड्यात आठ कार्बन आणि अठरा हायड्रोजन गेले, म्हणजे ऑक्टेन झालं. उरले दोन कार्बन आणि चार हायड्रोजन. एका साखळीच्या दोन झाल्या, टोकं दोनाची चार झाली, पण टोकांना पुरवायचे जास्तीचे हायड्रोजन होते दोनच. ते ऑक्टेनने नेले. धाकट्या तुकड्याला दुहेरी बंध करूनच भागवावं लागलं. तो तुकडा म्हणजे इथिलीन. पेट्रोलच्या मागे लागलेल्या उद्योगाच्या हाती हा वायू असा भरभरून येऊ लागला.

त्याच वेळी प्रयोगशाळांत भांडण वेगळं होतं. रबर, सेल्युलोज, रेशीम यांचे रेणू केवढे? बहुतेकांचं मत होतं की रेणू छोटेच आहेत, ते नुसते घोळक्याने चिकटलेले आहेत. रबरात छोटी वलयं असून दुहेरी बंधांच्या ओढीने ती एकत्र राहतात. हर्मान स्टाउडिंगरने १९२० मध्ये उलट मांडलं: नेहमीच्याच सहसंयुज बंधांनी जोडलेल्या प्रचंड लांब साखळ्या. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. त्याने केलेली परीक्षा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटते. दुहेरी बंधांमुळेच घोळका टिकत असेल, तर हायड्रोजन भरून ते बंध संपवले की घोळका फुटेल आणि सहज उकळणारं छोटं हायड्रोकार्बन हाती येईल. त्याने रबराचं हायड्रोजनीकरण केलं. काही उकळून गेलं नाही; पदार्थ रबरासारखाच घट्ट द्रावण देत राहिला. गंमत अशी की, हायड्रोजन भरल्यावर रबराचं प्रमाणही एकास दोन होतं. स्टाउडिंगरला नोबेल मिळालं १९५३ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी.

मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या विनिंग्टन इथे, इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत, गिब्सन आणि फॉसेट यांनी हजारांहून जास्त वातावरणांच्या दाबाखाली इथिलीन आणि बेंझाल्डिहाइड कोंडून तापवलं. अपेक्षित काही घडलं नाही. भांड्याच्या आत मेणासारखा पांढरा थर मात्र दिसला. तो फक्त इथिलीनचेच रेणू जुळून बनला होता. पुन्हा करायला गेले तर कधी जमे, कधी स्फोट होई. डिसेंबर १९३५ मध्ये त्याच प्रयोगशाळेतल्या पेरिनच्या प्रयोगात भांडं गळलं, कमी पडलेलं इथिलीन भरताना त्याच्यासोबत थोडा ऑक्सिजन आत गेला, आणि तोच हवा होता. त्या लेशमात्र ऑक्सिजननेच साखळीची सुरुवात होत होती.

मेणासारखा, हे नुसतं वर्णन नाही. मेणबत्तीतलं पॅराफिन म्हणजे वीस ते चाळीसेक कार्बनच्या साखळ्या. पॉलिथीन म्हणजे त्याच साखळ्या, हजारो कार्बन लांब. प्लॅस्टिक ओळखण्याच्या चाचणीत पॉलिथीनचा कण जाळला की विझलेल्या मेणबत्तीचा वास येतो. फरक आहे तो लांबीचा. पातळ पॉलिथीनची बोटभर रुंद पट्टी कापून दोन्ही टोकांनी सावकाश ओढून पाहा. मध्येच एका जागी कंबर बारीक होते, मग ती कंबर दोन्ही बाजूंना सरकत जाते, पट्टी कितीतरी लांब होते आणि ओढलेला भाग आधीपेक्षा चिवट लागतो. गुंत्यातल्या साखळ्या ओढीच्या दिशेला रांगेत लागत असतात. मेणाची कांडी अशी ओढता येत नाही, ती मोडते. तिच्या साखळ्या एकमेकींत गुंतण्याइतक्या लांबच नाहीत.

१९५३ मध्ये जर्मनीत म्युलहाइमला कार्ल त्सीग्लरच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग बिघडला. इथिलीनच्या साखळ्या लांबवायच्या होत्या, पण दोनच रेणू जुळून सगळं थांबत होतं आणि ब्यूटीन निघत होतं, म्हणजे फॅरेडेच्या वायूचंच कूळ. शोध घेतल्यावर भांड्यात निकेलचा अंश सापडला. एक धातू साखळी थांबवत असेल, तर दुसरा काय करील, म्हणून एकेक धातू तपासत गेले. टायटॅनियमपाशी आले आणि साध्या दाबाला, फारसं न तापवता, जवळजवळ विनाफांद्यांचं पॉलिथीन मिळालं.

पुढच्या वर्षी मिलानमध्ये जुलिओ नट्टाने तसाच उत्प्रेरक प्रोपिलीनवर, म्हणजे इथिलीनच्या तीन कार्बनच्या भावंडावर, वापरला. पॉलिप्रोपिलीनचं प्रमाण पुन्हा तेच, आणि त्याच्या वेगवेगळ्या नमुन्यांत तर साखळीही सारखीच. प्रश्न होता एकाआड एक कार्बनवर लटकणारे मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) कोणत्या बाजूला आहेत एवढाच. सगळे एका बाजूला असतील तर साखळ्या शेजारी शेजारी नेटक्या बसतात आणि १६० अंशांच्या पुढे वितळणारं टणक प्लॅस्टिक मिळतं. कसेही विखुरलेले असतील तर हाती येतो मऊ, चिकट गोळा. नट्टाला सुरुवातीला दोन्ही एकत्रच मिळाले होते. द्रावकांनी धुऊन त्याने ते वेगळे केले.