वारसा फेरी (निवासी वस्तीतील)

वारसा फेरी : जुन्या निवासी वस्तीतून वाटाड्यासोबत पायी हिंडत तिथली घरे, गल्ल्या आणि राहणीची रीत समजून घेण्याचा उपक्रम. ‘हेरिटेज वॉक’ या नावानेही तो ओळखला जातो. किल्ला किंवा संग्रहालय पाहण्याहून हा प्रकार वेगळा, कारण इथे जे पाहायचे ते कुणाचे तरी राहते घर असते. गल्ली सार्वजनिक, पण उघड्या खिडकीतून दिसणारी खोली खासगी. आणि त्या घरातल्यांनी कुणाला बोलावलेले नसते. फेरीचे बहुतेक नियम या अडचणीतूनच तयार झाले आहेत.

अंतर सहसा दीड-दोन किलोमीटरच असते, वेळ मात्र दोन तास जातो. थांबायचे कुठे, यातच वाटाड्याचे कसब. ज्या घराविषयी सांगायचे त्याच्या दारात घोळका उभा केला तर घरही नीट दिसत नाही आणि घरच्यांची वाटही अडते; म्हणून समोरच्या बाजूला, थोडे तिरके उभे राहायचे.

भारतातील ठळक उदाहरण अहमदाबादचे. १४११ मध्ये वसलेल्या या शहराच्या जुन्या भागात महानगरपालिकेने १९ नोव्हेंबर १९९७ रोजी फेरी सुरू केली. ती सकाळी काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून (१८२२) निघते आणि जामा मशिदीपाशी (१४२४) संपते. मधला रस्ता ‘पोळीं’मधून जातो. पोळ म्हणजे एका दरवाजाआत वसलेला घरांचा पुंजका : अरुंद गल्ली, कोरीव लाकडी घरे, दारापुढे ओटले, पावसाचे पाणी साठवणारी घराखालची टाकी आणि चौकात पक्ष्यांना दाणे टाकण्यासाठी उंच खांबावरचा चबुतरा. लांबेश्वरनी पोळ इथे कवी दलपतराम (१८२०–९८) यांचे घर होते. ते आज उरलेले नाही. त्या जागी घराचा दर्शनी भाग पुन्हा उभारून पुढे कवीचा बसलेला पुतळा ठेवला आहे. नसलेले घर दाखवण्याची ही युक्ती फेरीतल्या कित्येक शाबूत हवेल्यांपेक्षा लक्षात राहते. २०१७ मध्ये अहमदाबाद युनेस्कोचे भारतातील पहिले जागतिक वारसा शहर ठरले.

चांगली फेरी घर वाचायला शिकवते. ॲम्स्टरडॅममध्ये कालव्याकाठच्या घरांच्या माथ्यावर पुढे आलेली तुळई आणि आकडा दिसतो. जिने अरुंद असल्याने सामान त्यावरून दोराने वर ओढून खिडकीतून आत घेतात. रंगवून सांगण्याचा मोहही इथेच होतो. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ या काळात खिडक्यांवर कर होता आणि तो चुकवण्यासाठी लोकांनी खिडक्या बुजवल्या, हे खरे. पण बुजलेली प्रत्येक खिडकी करामुळेच, असे ठोकून देणे चूक. अनेक खिडक्या केवळ समोरची बाजू सारखी दिसावी म्हणून मुळातच आंधळ्या बांधलेल्या असतात.

गर्दी वाढली की रहिवासी वैतागतात, आणि ते साहजिकच आहे. दक्षिण कोरियाच्या सोल शहरातील बुकचोन ही दोन राजवाड्यांमधली पारंपरिक ‘हानोक’ घरांची वस्ती. तिथल्या सर्वांत गजबजलेल्या भागात पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढ्याच वेळात फिरता येते. २०२५ पासून नियम मोडल्यास १ लाख वॉन दंड आहे. व्हेनिसने २०२४ मध्ये वाटाड्यासोबतच्या गटाला २५ जणांची मर्यादा घातली आणि ध्वनिवर्धकांवर बंदी आणली.

याच्या उलट टोकाला ‘जेन्स वॉक’ आहे. नगररचनेच्या अभ्यासक जेन जेकब्स यांच्या स्मरणार्थ २००७ मध्ये टोरांटोत सुरू झालेल्या या फेऱ्या मोफत असतात आणि जगभरातील अनेक शहरांत निघतात. त्या बहुधा मे महिन्याच्या सुरुवातीला होतात. पुढे चालणारा माणूस इतिहासाचा जाणकार असलाच पाहिजे अशी अट नाही. आपल्याच गल्लीविषयी बोलणारा रहिवासीही चालतो.