दात सरळ करण्याच्या उपचारांतील ॲलर्जी

वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तारा, ब्रॅकेट (दातांवर चिकटवलेले, तार धरून ठेवणारे छोटे तुकडे), रबर, ॲक्रिलिक किंवा चिकटद्रव्य यांतील एखाद्या घटकाविरुद्ध शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने दिलेली अतिरेकी प्रतिक्रिया. बहुतेक वेळा कारण निकेल असते. ब्रॅकेटच्या स्टेनलेस स्टीलमध्ये ते साधारण ८ टक्के, तर निकेल-टायटॅनियमच्या तारांत वजनाने निम्म्याहून अधिक असते. मात्र नुसत्या टक्केवारीवरून धोका ठरत नाही. पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर टिकला, तर लाळेत उतरणारे निकेल अत्यल्प राहते.

ही प्रतिक्रिया जेल व कूम्ब्झ यांनी केलेल्या ॲलर्जीच्या वर्गीकरणातील चौथ्या, म्हणजे विलंबित प्रकारची असून ती टी-पेशी या प्रतिकारक पांढऱ्या रक्तपेशींमार्फत होते. संवेदनशीलता बहुधा तोंडात नव्हे, तर कान टोचल्यावर घातलेल्या दागिन्यांमुळे निर्माण होते. त्वचेला निकेल न सोसणाऱ्या अनेकांना तोंडातील तारा मात्र त्रास देत नाहीत. लाळेने होणारी धुलाई आणि श्लेष्मल आवरणातील (तोंडाच्या आतील ओलसर अस्तरातील) लँगरहान्स पेशींची, म्हणजे परका पदार्थ ओळखून टी-पेशींना दाखवणाऱ्या पेशींची, कमी संख्या ही त्याची कारणे मानली जातात.

तारांमुळे ॲलर्जी वाढते की टळते, याबद्दल मतभेद आहेत. कान टोचण्यापूर्वी तारा लावलेल्यांत निकेलची ॲलर्जी कमी आढळते, असे १९९० च्या दशकापासून युरोपातील काही पाहण्यांत दिसले. तोंडावाटे अल्प निकेल मिळत राहिल्याने सहनशीलता येते, असा त्याचा अर्थ लावतात. आधी कान टोचले असल्यास हा लाभ दिसत नाही. तारांनाच दोष देणारे मतही आहे. परंतु कान टोचल्याचा परिणाम वेगळा काढल्याशिवाय ते स्वीकारणे कठीण. तथापि सहनशीलतेचा पुरावाही बराचसा रुग्णांच्या आठवणींवर आधारलेला असल्याने तो निर्णायक म्हणता येत नाही.

ओठांच्या कोपऱ्यांत भेगा, जळजळ, ओठांची साल निघणे आणि हिरड्या फुगणे ही लक्षणे आढळतात. दात नीट न घासल्यानेही हिरड्या सुजतात. म्हणून किटण काढूनही सूज न उतरल्यासच ॲलर्जीचा संशय बळावतो. निदानासाठी पाठीवर निकेल सल्फेटची पट्टी ४८ तास ठेवतात. ती काढल्यावर आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा तपासतात.

लॅटेक्सच्या रबरामुळे काही मिनिटांत अंगावर उठणाऱ्या गांधी (खाजणारे फुगीर चट्टे) हा वेगळा, पहिल्या प्रकारचा आणि क्वचित जिवावर बेतणारा प्रकार होय. तेथे लॅटेक्सविरहित रबर व हातमोजे वापरतात. ॲक्रिलिकमधील उरलेल्या मोनोमरचा (ज्यापासून ॲक्रिलिक बनते त्या मूळ द्रव्याचा) त्रास रुग्णापेक्षा ते हाताळणाऱ्यांच्या बोटांना अधिक होतो.

निकेल सोसत नसल्यास बीटा-टायटॅनियम या निकेलविरहित मिश्रधातूच्या तारा आणि टायटॅनियम किंवा सिरॅमिकचे ब्रॅकेट वापरतात. काही सिरॅमिक ब्रॅकेटची तार बसवण्याची खाच आतून स्टीलने मढवलेली असते, हे निवडीच्या वेळी पाहावे लागते.