ऑफ-रोड रेसिंग मोटारीचा सर्वो

रेडिओ-नियंत्रित मोटारीची पुढची चाके वळवणारा छोटा विद्युत-यांत्रिक घटक. विजेवरच्या मोटारीत तो एकच असतो; नायट्रो इंधनावरच्या मोटारीत थ्रॉटल आणि ब्रेक ओढायला दुसरा लागतो. गुळगुळीत ट्रॅकवरच्या मोटारीत सर्वो चपळ असला की बरेचसे भागते. ऑफ-रोडमध्ये मात्र उडीवरून उतरताना, खड्ड्यात आपटताना किंवा कडेच्या पाइपला घासताना चाकाला बसलेला दणका टाय-रॉडमधून (सर्वोची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीतून) उलट वाटेने सर्वोच्या गिअरवर येतो. वेगासाठी गिअर हलके हवेत आणि दणक्यासाठी दणकट, ही ओढाताण निवडीच्या मुळाशी आहे. ठाणे आणि नवी मुंबईत तिच्यात मुरमाची धूळ, खाडीकाठची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांची भर पडते.

रचना

सर्वोच्या डबीत डीसी मोटर, तिचा वेग उतरवून जोर वाढवणारे गिअर, बाहेरच्या शाफ्टचा कोन मोजणारा पोटेन्शिओमीटर आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारे सर्किट असते. रिसीव्हरकडून येणाऱ्या स्पंदाची लांबी म्हणजे हुकूम : १.५ मिलिसेकंदांचा स्पंद आला की शाफ्ट मध्यावर, आणि १ व २ मिलिसेकंदांच्या आसपास दोन टोके. अॅनालॉग सर्वो मोटरला सेकंदाला सुमारे ५० वेळा वीज पाठवतो, डिजिटल ३०० किंवा त्याहून जास्त वेळा. त्यामुळे चाक मध्यापासून किंचित ढळले तरी डिजिटल सर्वो ताबडतोब जोर लावून ते परत आणतो. त्याचा मोबदला म्हणजे जास्त करंट आणि मोटार उभी असतानाही ऐकू येणारी गुणगुण. ही गुणगुण म्हणजे बिघाड नव्हे. बिघाडाचा आवाज वेगळा असतो, त्याचा उल्लेख पुढे येईल.

प्रमाणित सर्वो साधारण ४० मिमी लांब, २० मिमी रुंद आणि ३८ मिमी उंच असतो. त्याच लांबी-रुंदीचा पण सुमारे २६ मिमी उंचीचा तो लो-प्रोफाइल. आजच्या १:१० प्रमाणाच्या रेसिंग बग्ग्यांत (उघड्या चाकांच्या ऑफ-रोड मोटारींत) बहुधा लो-प्रोफाइलपुरतीच जागा असते, म्हणून उंची आधी मोजावी. शाफ्टवरचे दातेही एकसारखे नसतात. सर्वो बनवणाऱ्या कंपन्यांपैकी फुताबा आणि सॅवॉक्स २५ दात्यांचे, हायटेकचे बरेच सर्वो २४ चे, तर सान्वा आणि केओ प्रोपो २३ चे. २४ दात्यांचा हॉर्न (शाफ्टवर बसून टाय-रॉड ओढणारा आखूड दांडा) २५ दात्यांच्या शाफ्टवर ठोकून बसवू नये; बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच उडीत फिरतो.

थोडा इतिहास

तामियाच्या रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या बग्ग्या १९७९ साली आल्या, टीम असोसिएटेडची आरसी१० १९८४ साली, आणि १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेल मार येथे १:१० ऑफ-रोडची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तेव्हाचे सर्वो अॅनालॉग होते आणि गिअर बहुतेक नायलॉनचे. डिजिटल सर्वो १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले, त्यानंतर ब्रशलेस मोटरींचे सर्वो रूढ झाले.

वेग आणि टॉर्क

सर्वोचा वेग ६० अंश फिरायला लागणाऱ्या सेकंदांत सांगतात, टॉर्क किलोग्रॅम-सेंटिमीटरमध्ये. १२ किग्रॅ-सेंमीचा सर्वो १ सेंमी लांबीच्या हॉर्नच्या टोकाला १२ किलोचा जोर देतो, २ सेंमीच्या टोकाला ६ किलोचा. वेगातला फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. ताशी ५० किमीने धावणारी बग्गी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते. डावीकडून उजवीकडे पूर्ण वळायला एका सर्वोला ०.०८ आणि दुसऱ्याला ०.१४ सेकंद लागत असतील, तर तेवढ्या फरकात ८० सेंमीहून जास्त अंतर निघून जाते. अरुंद ट्रॅकवर लागोपाठच्या दोन उलट वळणांत एवढ्यात रेषा सुटते.

पण खोक्यावरचे दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच खरे नसतात, आणि विक्रेते हे सहसा सांगत नाहीत. वेग मोजला जातो शाफ्टवर काही भार नसताना. टॉर्क मोजला जातो शाफ्ट अडवून, म्हणजे वेग शून्य असताना. डीसी मोटरचा वेग भाराबरोबर साधारण सरळ रेषेत उतरतो. समजा, चाके वळवायला प्रत्यक्षात ६ किग्रॅ-सेंमी लागतात. १२ किग्रॅ-सेंमी आणि ०.०८ सेकंदाचा सर्वो तिथे निम्म्या वेगावर येतो, म्हणजे सुमारे ०.१६ सेकंद. २४ किग्रॅ-सेंमी आणि ०.१० सेकंदाचा सर्वो पाऊण वेग राखतो, म्हणजे सुमारे ०.१३. जाहिरातीत मंद दिसणारा सर्वो ट्रॅकवर चपळ ठरतो. म्हणून वेगाच्या मागे लागून टॉर्क कमी घेणे हा ऑफ-रोडमध्ये बहुधा तोट्याचा व्यवहार.

१:१० च्या दोनचाकी चालनाच्या बग्गीला, जिचे वजन दीड किलोच्या आसपास असते, ८ ते १२ किग्रॅ-सेंमी पुरतात. चारचाकी चालनाची बग्गी आणि शॉर्ट कोर्स ट्रक यांना १२ ते २० बरे. १:८ ची बग्गी साडेतीन किलोच्या घरात जाते, तिला स्टिअरिंगसाठी २० ते ३० हवेत, ट्रगीला (बग्गी आणि ट्रक यांच्या मधल्या मोटारीला) आणखी थोडे जास्त. वेग ०.१० च्या आसपास किंवा त्याखाली असावा. ०.०६ चा सर्वो नवशिक्याच्या हातात मोटार उगाच बिथरवतो, हेही ध्यानात घ्यावे.

वीजपुरवठा

सर्वोचे आकडे विशिष्ट व्होल्टेजला असतात. सॅवॉक्सच्या एससी-१२५८टीजीचे १२ किग्रॅ-सेंमी आणि ०.०८ सेकंद हे ६ व्होल्टवरचे आहेत. स्पीड कंट्रोलरचा बीईसी (बॅटरीची वीज उतरवून रिसीव्हर आणि सर्वोला पुरवणारे सर्किट) ५ व्होल्ट देत असेल तर तेवढे मिळणार नाहीत. हाय-व्होल्टेज सर्वो ७.४ किंवा ८.४ व्होल्टवर चालतात. उलट, पूर्ण भरलेली दोन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी ८.४ व्होल्ट देते. ती रेग्युलेटरशिवाय ६ व्होल्टच्या सर्वोला जोडली तर तो जळतो.

व्होल्टेजपेक्षा करंटच्या बाबतीत फसगत जास्त होते. ताकदवान डिजिटल सर्वो अडकला की काही अँपिअर ओढतो. जुन्या किंवा स्वस्त कंट्रोलरचा बीईसी दोन-तीन अँपिअरचा असतो. मग व्होल्टेज कोसळते, रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि रेडिओचा सिग्नल गेला असे वाटते. ऐन वळणावरच हे घडते, कारण सर्वाधिक जोर तिथेच लागतो. रिसीव्हरच्या मोकळ्या सॉकेटमध्ये कपॅसिटर खोचला तर क्षणिक झटका जिरतो, पण मुळात अपुरा बीईसी त्याने पुरा होत नाही. सर्वो बदलताना बीईसीची क्षमता तपासली नसेल, तर महागड्या सर्वोने मोटार पूर्वीपेक्षा वाईट चालू शकते.

गिअर, बेअरिंग, मोटर

नायलॉनचे गिअर ऑफ-रोड रेसिंगला नकोतच. पितळ मऊ, त्याचे दात घासून सैल होतात आणि सरळ रस्त्यावर मोटार भरकटू लागते. अॅल्युमिनियम हलके म्हणून वेगाला चांगले, आयुष्य मात्र बेताचे. पोलाद आणि टायटॅनियम दणका सोसतात. १:८ साठी पोलादी गिअर घेणे शहाणपणाचे. एक गोष्ट पाहावी : ‘मेटल गिअर’ लिहिलेल्या काही सर्वोंत मधला एखादा गिअर प्लास्टिकचाच असतो. आउटपुट शाफ्टला दोन बॉल बेअरिंग हवीत. कोअरलेस मोटर, म्हणजे जिच्या फिरत्या भागात लोखंडी गाभा नसतो ती, चटकन वेग घेते पण तिचे ब्रश झिजतात. ब्रशलेसला ब्रशच नसल्याने ती जास्त टिकते. अॅल्युमिनियमची डबी दिसायला छान म्हणून नव्हे, उष्णता बाहेर टाकण्यासाठी असते. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या मुरमावर सलग शर्यत चालते तेव्हा तिचा फरक कळतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा एमजी९९६आर हा स्वस्त सर्वो इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या रोबोटमध्ये सर्रास दिसतो. जाहिरातीत त्याचे ६ व्होल्टला ११ किग्रॅ-सेंमी आणि ०.१४ सेकंद असतात. सराव मोटारीला तो चालून जाईल. मध्यावर तो नेमका परत येत नाही आणि नकला इतक्या आहेत की आकड्यांवर विसंबण्यात अर्थ नाही.

ठाणे–नवी मुंबईची जमीन आणि हवा

घोडबंदर रोडपासून खारघर-उलव्यापर्यंत मोकळी जमीन म्हणजे बहुधा भरावाचा मुरूम, आणि बांधकामे चालू असतील तिथे दगडाची भुकटी. ही धूळ शाफ्टभोवतीच्या फटीतून आत शिरून ग्रीसला चिकटते आणि गिअरवर सँडपेपरचे काम करते. पोटेन्शिओमीटरच्या पट्टीवर पोहोचली की सर्वो मध्यावर थरथरतो. ओ-रिंग लावलेला सीलबंद सर्वो इथे नुसत्या पावसासाठी नव्हे, धुळीसाठीही घ्यावा. कोन चुंबकाने मोजणारा मिळाला तर झिजायला पट्टीच उरत नाही. ऐरोली, वाशी, कोपरी अशा खाडीलगतच्या भागांत बेअरिंग आणि स्क्रू लवकर गंजतात. पावसात चालवलेली मोटार पाण्याच्या जोरदार धारेने धुऊ नये. त्या दाबापुढे साधे सील टिकत नाही. चिखल वाळू द्यावा, ब्रशने झाडावा, आणि संशय असला तर डबी उघडून सुकवून नवे ग्रीस भरावे.

वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापेच्या एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये अॅल्युमिनियमची माउंटिंग पट्टी करून घेता येते. हॉर्नचे काम तिथे देऊ नये : सुमारे ६ मिमी व्यासात २५ दाते अचूक पाडणे हे साध्या लेथचे काम नाही.

बसवणी

उत्तम सर्वो वाईट बसवला तर टिकत नाही. त्याची डबी चेसिसला टेकू देऊ नये, मिलिमीटरभर फट ठेवावी. नाहीतर उडीनंतर वाकणारी चेसिस थेट डबीवर आपटते. हॉर्नच्या स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावावे. रेडिओवर दोन्ही टोकांची मर्यादा अशी बांधावी की चाक पूर्ण वळल्यावर सर्वो कण्हणार नाही. आधी सांगितलेला बिघाडाचा आवाज तो हाच : टोकाला अडकून सतत घुरघुरणारा सर्वो काही मिनिटांत जळू शकतो. सर्वो-सेव्हरची, म्हणजे चाकाचा दणका सर्वोपर्यंत पोहोचण्याआधी झेलणाऱ्या भागाची, स्प्रिंग फार सैल असेल तर विकत घेतलेला वेग तिच्यातच मुरतो, फार घट्ट असेल तर दणका गिअरला जातो. १:८ मध्ये ती नटाने कमी-जास्त करता येते. चाके हातात धरून स्टिअरिंग फिरवावे. ट्रॅकवरच्या नेहमीच्या भाराला स्प्रिंग दबू नये, जोराचा फटका बसल्यावरच दबावी.

नायट्रो मोटारीच्या थ्रॉटल-सर्वोला टॉर्क कमी चालतो, पण स्टिअरिंगवर थकलेला जुना सर्वो तिथे लावायची सवय धोक्याची आहे. रेडिओचा सिग्नल गेला की रिसीव्हर आपोआप ब्रेक लावतो, याला फेलसेफ म्हणतात. बॅटरी संपली किंवा सर्वोच जळाला तर फेलसेफ काही करू शकत नाही. त्यासाठी कार्ब्युरेटरच्या स्लाइडला वेगळी रिटर्न स्प्रिंग लावतात. वीज गेली की ती थ्रॉटल बंद स्थितीकडे ओढते.