मठ, मदरसा, चर्च, वारकरी शाळेत लेकरावर अत्याचार झाला तर पोक्सोची (लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) तक्रार कशी करायची, लोक कुठं अडकतात

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठंही बघा, लोक आधी संस्थेच्या अध्यक्षाकडे जातात, विश्वस्त म्हणतात आम्ही बघतो, घरचे म्हणतात गावमा बदनामी व्हई, यात दोन महिने जातात आणि तोवर तो माणूस दुसऱ्या गावच्या शाखेत पोचलेला असतो. संस्थेच्या मीटिंगला तक्रार समजू नका. तक्रार फक्त पोलिसांकडे होते.

पीडित १८ वर्षांखालचा हवा, मुलगा असो की मुलगी. तक्रार आईबापानेच द्यावी असं नाही, शेजारी, शिक्षक, स्वयंपाकीण, कोणीही देऊ शकतं. उलट माहीत असून दाबलं तर पोक्सो कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि हाताखालच्या माणसाचं कृत्य लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आहे. स्टॅम्प पेपरवरच्या समझोत्याने केस मिटत नाही.

आता कागदपत्रं. सगळ्यात जास्त लोक इथून परत येतात. ठाण्यात सांगतात जन्माचा दाखला आणा, आणि पाड्यावर घरीच जन्मलेल्या पोराचा दाखला आणायचा कुठून? एफआयआरसाठी दाखला लागतच नाही! वय पुढे कोर्टात ठरतं, शाळेच्या दाखल्यावरून, तो नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेच्या जन्मदाखल्यावरून, काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणीवरून. आधारच्या तारखेवर विसंबू नका.

दुसरा घोळ २४ तासांचा, लोकांना वाटतं तेवढ्यातच तक्रार द्यावी लागते. ती मुदत पोलिसांना आहे, त्यांनी बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. तुम्हाला उशीर झाला म्हणून कोणी हाकलत असेल तर उठू नका, अशा गंभीर गुन्ह्याला वर्षं उलटली तरी तक्रार घेतात. तरी कपडे धुवू नका, कागदी पिशवीत ठेवा, आणि लेकराला सरकारी दवाखान्यात लगेच न्या, पोलिसांचं पत्र नसलं तरी डॉक्टरने तपासायचंच आहे.

घटना दुसऱ्या जिल्ह्यातल्या आश्रमात झाली तरी आपल्या जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर होतो. आसाराम या बाबाचं प्रकरण जोधपूरजवळच्या आश्रमातलं, फिर्याद २०१३ मध्ये दिल्लीत दाखल झाली आणि २०१८ ला जन्मठेप लागली. ठाण्यात नाहीच घेतली तर एसपींना (जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना) लेखी द्या, पोच घ्या, मग मॅजिस्ट्रेट. एफआयआरची कॉपी फुकट मिळते.

जबाब लेकराच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं होतो, अधिकारी साध्या कपड्यात हवा, शक्यतो महिला. धडगाव-अक्कलकुव्याकडचं लेकरू पावरी, भिली बोलत असेल तर दुभाषा मागा, तो हक्क आहे. तिथं संस्थेचा माणूस बाजूला बसून "मी समजावतो" म्हणू लागला तर त्याला बाहेर काढायला सांगा, मी हे डोळ्यांनी बघितलंय, पोरगी एक शब्द बोलली नव्हती.

अडलात तर १०९८ (चाइल्ड हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस मदत) लावा. भरपाईसाठी मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, त्यासाठी निकालाची वाट बघत बसू नका.