रुबेला पॉझिटिव्ह? मग पेढे आण!

रात्री साडेनऊला खालच्या मजल्यावरची सून मोबाईल हातात धरून दारात उभी. नौपाड्यातल्या लॅबने रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. "काकू, रुबेला पॉझिटिव्ह आलंय." चेहरा पार उतरलेला. बाळाचा विचार सुरू होता, म्हणून डॉक्टरांनी आधीच रक्त तपासून घ्यायला सांगितलं होतं. मी चष्मा लावून पाहिलं. आयजीजी ७४, आयजीएम (ताज्या संसर्गाची खूण) निगेटिव्ह. म्हटलं, "अगं, गोखले रोडवरून पेढे आण!"

तिचा दोष नाही. करोनाने आपल्याला पॉझिटिव्ह म्हणजे वाईट हे इतकं पक्कं शिकवलंय. या तपासणीत मात्र आयजीजी पॉझिटिव्ह असणं हेच हवं असतं. आयजीजी ही जुनी, टिकाऊ प्रतिपिंडं. शरीराची रुबेलाशी कधीतरी गाठ पडली आहे, आजारातून किंवा लशीतून, आणि ती ओळख अजून शाबूत आहे, एवढंच ती सांगतात. बहुतेक ठिकाणी १० एककांच्या वर आकडा असला की संरक्षण आहे असं धरतात. ७४ म्हणजे १० च्या सातपट संरक्षण असं काही नसतं, त्यामुळे मैत्रिणीच्या आकड्याशी तुलना करत बसू नये.

एरवी रुबेला अगदी किरकोळ आजार. थोडा ताप, बारीक पुरळ, कानामागे गाठी. कित्येकांना तर झाल्याचं कळतही नाही. म्हणूनच त्याचं खरं रूप उशिरा उघडं पडलं. १९४१ साली सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे मोतीबिंदू घेऊनच जन्मलेली तान्ही बाळं एकापाठोपाठ एक येऊ लागली. म्हातारपणाचा आजार तान्ह्या बाळाला कसा? त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मिळून अशा ७८ बाळांची नोंद केली. आयांकडे चौकशी केली, तर बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झालेला. तोवर आईच्या पोटात बाळ सुरक्षित, असाच समज होता. हा विषाणू मात्र वार ओलांडून बाळापर्यंत पोचतो. पहिल्या बारा आठवड्यांत डोळे, कान, हृदय घडत असतात. त्या काळात आईला संसर्ग झाला तर बाळाला इजा होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत जाते. विसाव्या आठवड्यानंतर ती फारच कमी होते.

दुसऱ्या दिवशी तिच्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी गोवर येऊन जायचा, संपलं! तपासण्या कसल्या?" पण गोवर वेगळा, रुबेला वेगळा. दोन्हींचे विषाणू निराळे, एकाचं संरक्षण दुसऱ्याला चालत नाही. शिवाय अंगावर पुरळ उठवणारे आजार ढीगभर. लहानपणी नेमकं काय आलं होतं हे आठवणीवर ठरत नाही. लशीचं कार्ड असेल तर ते शोधावं, त्यावर जास्त विसंबता येतं. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लशीची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, पण ती ९ महिने ते १५ वर्षं वयाच्या मुलांसाठी. त्या वेळी सोळा-सतरा वर्षांच्या असलेल्या मुली तेव्हा सुटल्या, आणि आता त्यांचीच लग्नं होताहेत.

आयजीजी निगेटिव्ह आलं तर? घाबरायचं कारण नाही, उलट वेळेत कळलं. लस घ्यायची आणि त्यानंतर निदान महिनाभर गर्भधारणा टाळायची. काही डॉक्टर जास्त थांबायला सांगतात, तर त्यांचं ऐकावं. लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो, म्हणून गरोदरपणात ती देत नाहीत. चुकून घेतली गेली, तरी केवळ तेवढ्यावरून गर्भपात करायची गरज नसते, हे मुद्दाम सांगते, कारण या भीतीपोटी घरात रात्र-रात्र रडारड झालेली मी पाहिली आहे. बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असतानाही ही लस घेता येते.

आयजीएमचं प्रकरण जरा नाजूक. ती ताज्या संसर्गाची खूण, पण खोटी पॉझिटिव्ह बऱ्याचदा येते. दुसरा एखादा विषाणू किंवा संधिवातात रक्तात आढळणारा एक घटकही तिला फसवतो. पुरळ नाही, कुणा रुग्णाचा संपर्क नाही, तर ती तपासणी उगाच करूच नये असं माझं मत. टॉर्चच्या, म्हणजे बाळाला धोका असणाऱ्या संसर्गांच्या एकत्र तपासण्यांच्या पॅकेजात ती आपोआप येते आणि निष्कारण झोप उडवते. आलीच पॉझिटिव्ह, तर डॉक्टर पुन्हा नमुना घेतात आणि आयजीजीची विषाणूवरची पकड किती घट्ट आहे ते पाहतात. पकड घट्ट असेल तर संसर्ग जुना.

पेढे आले. सोबत तिची ऐरोलीची नणंदही आली, तिचं आयजीजी ३. लस घेऊन तिला आज अकरा दिवस झालेत.